परळीचे कागद परळीबाहेर

परळीवर काही लिहायला घेतले की पहिला सवाल देवघरचा येतो. बारा ज्योतिर्लिंगांतला वैद्यनाथ खरा कोणता, आमचा की झारखंडातला? द्वादश ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्राचा जो पाठ महाराष्ट्रात घरोघरी म्हटला जातो त्यात परळीचे नाव आहे. शिवपुराणात चिताभूमीचा उल्लेख आहे आणि देवघरकर तो आपल्याकडे ओढतात. तिकडे हिमाचलात, कांगड्याच्या खोऱ्यात, बैजनाथ आपले वेगळे ठाण मांडून बसला आहे. दोन्हीकडे पोथ्या आहेत, दोन्हीकडे श्रद्धा आहे, आणि महाशिवरात्रीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीही विचारायचे नसते.

मी या वादात पडणार नाही. वाद क्षुल्लक आहे असे मुळीच नाही. माझी तक्रार निराळी आहे. या वादाने परळीच्या इतिहासाची बरीच शाई खाल्ली. देव किती जुना हे सिद्ध करण्यात पिढ्या गेल्या. देवाच्या पायथ्याशी जे गाव वसले तिथे कोण राहायला आले, काय विकत होते, वसूल कोणाच्या पदरात घालत होते, ही चौकशी मागेच पडली. परळीची माहितीपुस्तके उघडून पाहा. कांतीपूर, जयंती, मध्यरेखा वैजयंती अशी गावाची जुनी नावे पहिल्या परिच्छेदात येतात, समुद्रमंथन दुसऱ्यात येते, आणि तिसऱ्या परिच्छेदात एकदम औष्णिक वीज केंद्राची धुरांडी उभी राहतात. मधली हजार वर्षे कुठे गेली, असे कोणी विचारत नाही.

ती मधली वर्षे हा पुढील प्रकरणांचा विषय आहे. बाजाराचे गाव म्हणून परळी कशी उभी राहिली, इतकेच मला पाहायचे आहे.

इंग्लंडमधल्या लहान बाजारगावांचा इतिहास लिहिणाऱ्यांचा मला नेहमी हेवा वाटतो. तेराव्या शतकात तिथे राजाकडून बाजार भरवण्याची सनद मिळत असे. सनदेत बाजाराचा वार, वर्षाच्या जत्रेच्या तारखा आणि कोणत्या जमीनदाराला हा हक्क मिळाला त्याचे नाव, सगळे लिहिलेले. त्याआधीचे हवे असेल तर १०८६ ची डूम्सडे नावाची पाहणी आहेच, गावात नांगर किती आणि गिरण्या किती तेही सांगणारी. ब्रॅक्टन नावाच्या तेराव्या शतकातल्या कायदेपंडिताच्या नावावर तर एक नियमच आहे. दोन बाजारांत पावणेसात मैलांच्या आसपास अंतर असावे. हिशेब सरळ आहे. माणूस दिवसाला वीस मैल चालतो, त्याचे तीन भाग करा. एका भागात बाजाराला जायचे, एका भागात माल विकायचा, एका भागात उजेडी घरी परतायचे.

आपल्याकडे हा नियम कोणी लिहिला नाही, पण आठवडी बाजारांचे वार याच हिशेबाने लागले. एका पंचक्रोशीत सोमवार एका गावाचा, मंगळवार दुसऱ्याचा, आणि बांगड्यांची पेटी घेतलेला कासार आठवडाभर त्याच चक्रात फिरणारा. चक्राच्या मध्यावर जे गाव ते कसबा. तिथे शेटे-महाजन, पेठ, देशमुख-देशपांड्यांचे वाडे. परळी अशी मध्यावर का आली, याचे उत्तर पोथीपेक्षा भूगोलात लवकर सापडते.

बालाघाटाचा डोंगर बीड जिल्ह्यातून आडवा जातो. माथ्यावर अंबाजोगाई, पायथ्याशी परळी, दोहोंत पंचवीसेक किलोमीटर आणि मध्ये घाट. परळीचे पाणी वाण नदीने उत्तरेला गोदावरीकडे जाते. त्याच बाजूला गोदेच्या काठावर जनाबाईचे गंगाखेड आहे. घाट चढून अंबाजोगाईपलीकडे दक्षिणेला गेले की मांजरेचे खोरे लागते, आणि आणखी पुढे तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे हेच तेर, या दोन बाजारपेठांची नावे आहेत. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्यात लिहिले आहे. गोदावरी आणि मांजरा यांच्या दरम्यान माल हलवायचा तर बालाघाट कुठेतरी चढावा-उतरावाच लागतो. आणि घाटाच्या पायथ्याशी पाणी असले की मुक्काम पडतो. लमाणांचे तांडे बैलांवर गोण्या लादून फिरत तेव्हा चढणीआधी बैलांना एक रात्र विसावा देणे भाग होते. विसाव्याच्या ठिकाणी चारा विकणारा येतो, नाल ठोकणारा येतो, पीठमीठ विकणारा वाणी येतो. देवही अशा ठिकाणी राहतो, हे मी नम्रपणे सुचवतो.

आता अडचणीची गोष्ट. परळीचे कागद परळीत नाहीत. जुनी परळी पाहायची असेल तर दुसऱ्या गावांची दारे ठोठावावी लागतात.

पहिले दार अंबाजोगाईचे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा सेनापती खोलेश्वर याचे संस्कृत शिलालेख तिथे आहेत, शके ११५० आणि शके ११६२ चे, म्हणजे इ. स. १२२८ आणि १२४० चे. त्यात लढाया आहेत आणि ब्राह्मणांना दिलेली दानेही आहेत. मला त्यातली सगळ्यांत जवळची वाटते ती खोलेश्वराची लेक लक्ष्मी. तिचा भाऊ राम गुजरातच्या स्वारीत पडला, आणि त्याच्या नावाने तिने विष्णूचे देऊळ उभारले. सेनापतीच्या घरात शोकही दगडात घडवला जात होता, आणि त्यासाठी दगडफोडे, पाथरवट, चुना भाजणारे, लेख कोरणारे यांची अख्खी वस्ती त्या डोंगरावर पोसली जात होती. जवळच धर्मापुरीचे केदारेश्वराचे देऊळ त्याआधीच्या चालुक्य काळाचे. त्याच्या भिंतीवरच्या दगडी बायका अजून प्रसाधनात आणि लेखनात दंग आहेत. एवढे कारागीर घाटाच्या माथ्यावर राबत असताना पायथ्याचे गाव ओसाड असेल, हे मला पटत नाही. परळीचे मूळ देऊळ यादवांचा मंत्री हेमाद्री याने बांधले अशी परंपरा आहे. महाराष्ट्रात जुने दगडी देऊळ दिसले की ते हेमाडपंताच्या खाती टाकायची आपली रीतच आहे, त्यामुळे त्या नावावर मी फार भार टाकत नाही. काळ मात्र परंपरेने बरोबर ओळखला आहे असे आजूबाजूची देवळे सांगतात.

अंबाजोगाई आणि परळीचे नाते लोकांनी आपल्या पद्धतीने सांगून ठेवले आहे. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड कोकणातून निघाले, मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड दगडाचे झाले. देवी अंबाजोगाईलाच राहिली, देव परळीत. कोकणातले चित्पावन अजून कुलदेवतेच्या दर्शनाला सह्याद्री ओलांडून या डोंगरात येतात. देवीचे वऱ्हाड कोकणातलेच का, याचे कोडे तिथे थोडे सुटते. मला या कथेत दोन गावांचा जुना व्यवहार दिसतो. सोयरीक जमवण्याइतकी जवळीक, आणि एकाने दुसऱ्यात विरून जाऊ नये इतका मान. राज्यकर्ते, फौज आणि विद्या नेहमी वरच्या गावात राहिली. खालच्या गावाच्या वाट्याला यात्रा आणि बाजार आला.

खुद्द परळीचा म्हणावा असा एकच साक्षीदार आहे, आणि तो संत आहे. जगमित्र नागा. गावात त्याची समाधी आहे आणि परळीत त्याचे नाव अजून संस्थांना दिले जाते, पण गावाबाहेर तो फारसा कोणाला ठाऊक नाही. त्याची कथा महिपतीने भक्तविजयात सांगितली. भिक्षा मागून राहणारा, सगळ्या जगाला मित्र मानणारा माणूस. कोणीतरी द्वेषाने त्याचे घर पेटवले, तो हरिनाम घेत आतच बसला आणि वाचला. गावाने त्याला इनाम जमीन दिली. पुढे नवा अंमलदार आला आणि त्याने ती जप्त केली. लोकांनी गयावया केली तेव्हा त्याने अट घातली की माझ्या मुलीच्या लग्नासाठी वाघ आणून दे. जगमित्र रानात गेला आणि देवच वाघ होऊन त्याच्या मागे आला. गावात गलका झाला, दारे धडाधड लागली. अंमलदाराने पाय धरले आणि जमीन सुटली.

वाघ बाजूला ठेवा. भक्तविजय १७६२ चा ग्रंथ. तो लिहिणारा महिपती ताहराबादचा, आणि घराण्याने कुलकर्णी. म्हणजे जमिनीचे दप्तर ज्याने पाहिले त्याच माणसाने ही गोष्ट लिहिली आहे. म्हणूनच तिच्यातला चमत्कार जितका भाबडा तितका व्यवहार पक्का आहे. जमीन देणारे गाव, म्हणजे गावाला सामायिक जमीन देण्याइतकी पत. इनाम चालू राहणे अंमलदाराच्या मर्जीवर, आणि अंमलदार बदलला की जुना शब्द रद्द. सुटकेसाठी अशक्य वस्तूची मागणी. शेवटचे कलम वाचताना अठराव्या शतकातल्या कितीतरी इनामदारांनी मान डोलावली असेल. जगमित्र नेमका कोणत्या साली झाला याने मला फरक पडत नाही. महिपतीच्या श्रोत्यांना परळीसारख्या गावाबद्दल काय खरे वाटत होते ते या कथेने टिपून ठेवले.

ही गोष्ट एकटीही नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांचे (१५५१–१६१५) चरित्र वसुलावरच फिरते. बापाच्या परगण्याचा वसूल थकला म्हणून बेदरच्या बादशहाने मुलाला ओलीस ठेवले, आणि रक्कम भरायला खुद्द देव आला. मंगळवेढ्याच्या दामाजीची कथा तर सर्वांना पाठ आहे. धान्याची कोठारे त्याने दुष्काळात रयतेला उघडून दिली आणि विठू महाराने येऊन पावती आणली. बहामनी आणि त्यानंतरच्या शाह्यांचा सगळा काळ मराठवाड्याच्या लोकस्मृतीत लढायांनी भरलेला नाही. वसूल, जप्ती आणि ओलीस यांनी भरलेला आहे. आणि देव कामाला येतो तोही थकबाकी भरायला. परळीच्या मध्ययुगावर एकच प्रकरण लिहायची मुभा असती तर मी ते वसुलावर लिहिले असते.

दुसरे मोठे दार इंदूरचे. आज दिसते ते देऊळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार करून उभे केलेले आहे. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली जामखेडजवळच्या चौंडीचा, म्हणजे बीड जिल्ह्याच्या वेशीवरचा. १७६७ ते १७९५ इतका काळ त्यांनी राज्य केले. परळी मात्र निजामाच्या मुलखात होती. होळकरांच्या खासगीचा पैसा, निजामाची हद्द, आणि मराठ्यांशी निजामाचे वैर काही लपलेले नव्हते. १७९५ ची खर्ड्याची लढाई चौंडीपासून फार लांब झाली नाही. तरीही दगड येत राहिले आणि गवंडी काम करत राहिले. राजकारणाच्या नकाशात ज्या रेषा ठळक दिसतात त्या देवळाच्या बांधकामाला अडवत नव्हत्या.

हे देऊळ एकदा निवांत पाहावे. उंचवट्यावर, तटासारख्या भिंतीत, खालून वर जाणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या. पायऱ्या इतक्या ऐसपैस की गर्दीतही म्हातारे माणूस कडेने बसत बसत वर जाऊ शकते. आत सभामंडप मोठा. नेहमी शिवाच्या देवळात आपण गाभाऱ्यात खाली उतरतो. इथे गाभारा आणि मंडप एकाच पातळीवर आहेत, त्यामुळे मंडपात उभ्या माणसालाही पिंडी दिसते. शिवाय हात लावून दर्शन घेता येते. अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपले, असुरांनी हात घालताच ज्वाळा निघाल्या आणि भक्तांनी स्पर्श करताच अमृत आले, अशी कथा त्याला जोडलेली आहे. बेलाबरोबर तुळसही इथे चालते, हरिहरांची भेट म्हणून. वारकऱ्यांचा मुलूख आणि शैवांचा मुलूख एकमेकांत मिसळलेल्या या भागात ही सोय किती शहाणपणाची आहे हे वेगळे सांगायला नको. याच जिल्ह्यात कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. त्यांनी वीरशैव मत मराठीत मांडले. परळीच्या पेठेत लिंगायत वाण्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. देवावर हक्क सांगणारे अनेक असले की देवळाला मंडप मोठा लागतो.

इतके मोठे काम चालते तेव्हा गाव बदलते. वर्षानुवर्षे मजुरी वाटली जाते, चुन्याच्या घाण्या फिरतात, सागवान दुरून येते, आणि काम संपल्यावर कारागिरांपैकी काही घरे गावातच राहतात. त्यानंतर यात्रा वाढते. महाशिवरात्र येते माघाच्या अखेरीस, म्हणजे रब्बीची ज्वारी काढणीला आलेली किंवा खळ्यावर पडलेली. शेतकऱ्याच्या हाती पीक आणि सावकाराच्या डोळ्यांपुढे वही, असा तो आठवडा. गुरव, फुलारी, बेल विकणाऱ्या बायका, हलवाई, तांबट, कासार यांचे वर्षाचे गणित त्या चार दिवसांत सुटते. बाजाराची सनद परळीला कोणा राजाने दिली की नाही, यापेक्षा पंचांगाने दिली हे मला महत्त्वाचे वाटते.

तिसरे दार हैदराबादचे, आणि ते जरा जड उघडते. निजामाच्या काळी अंबाजोगाईचे सरकारी नाव मोमिनाबाद झाले आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी बसली. घोड्याला रोज हरभरा लागतो आणि कडबा लागतो. छावणी डोंगरावर, पण काळी जमीन खाली गोदेच्या अंगाला. या एका गोष्टीचा घाटाखालच्या धान्यबाजारावर काय परिणाम झाला असेल ते सांगायला अर्थशास्त्री नको. व्यवहार हाली शिक्क्यात, कारण संस्थानाचे नाणे वेगळे. हद्दीवर करोडगिरीचे नाके, कारण संस्थानाची जकात वेगळी. कापूस मुंबईकडे न्यायचा तर आधी बैलगाडीने लांबचे स्टेशन गाठायचे. मनमाडहून निघालेली गोदावरी खोऱ्याची मीटरगेज १९०० च्या सुमारास परभणीवरून गेली, बार्शीची छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. या दोन रुळांच्या मध्ये परळी तशीच गाड्याबैलांवर राहिली.

मग १९३० च्या आसपास दोन्ही बाजूंनी रेल्वे परळीत आली. परभणीकडून मीटरगेज, विकाराबाद-लातूर रोडकडून ब्रॉडगेज. दोन्ही रूळ इथे भेटले पण जुळले नाहीत, कारण रुंदी निराळी. एका डब्यातला माल उतरवून दुसऱ्यात भरणे आले. रेल्वेच्या दृष्टीने हा शुद्ध तोटा, परळीच्या दृष्टीने वरदान. पाठीवर पोते घेऊन फळीवरून चढणारा हमाल, तोलाईवाला, आडत्या, जिनिंगचा मालक हे सगळे त्या रुंदीच्या फरकावर जगले. मराठवाड्यात धान्यबाजाराला मोंढा म्हणतात. देवळाच्या पायथ्याची पेठ आणि स्टेशनकडचा मोंढा अशी गावाची दोन तोंडे तेव्हापासून दिसू लागली. तिकिटावर ‘परळी वैजनाथ’ असे पूर्ण नाव छापले जाऊ लागले तेही बरेच झाले. नाहीतर सज्जनगडाच्या पायथ्याशी साताऱ्याची परळी आहेच, आणि समर्थांच्या दर्शनाला निघालेला माणूस वैजनाथाला पोचायचा.

रेल्वेपाशी मी थांबतो. त्यानंतरची परळी ठळक आहे आणि तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला, १९७१ मध्ये वीज केंद्राचा पहिला ३० मेगावॉटचा संच सुरू झाला. नंतर राखेच्या विटा, २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद पडलेले संच आणि गेल्या चाळीस वर्षांचे राजकारण. ज्याला हे हवे त्याने वर्तमानपत्रांची जुनी बाडे सोडावीत, हाती भरपूर लागेल. राजकारणाचा मोह मी मुद्दाम टाळला आहे. परळीचे नाव काढताच समोरचा माणूस एकदम निवडणुकीवर येतो आणि मग इतिहास ऐकायला कोणी उरत नाही.

पुराव्यांबद्दल एक नियम पाळला आहे, तो आधीच सांगतो. दंतकथा टाकून दिलेल्या नाहीत आणि तारीख म्हणून वापरलेल्याही नाहीत. समुद्रमंथनावरून देवळाचे वय काढायचे नाही, पण त्यावरून देवाला हात का लावू देतात हे समजून घ्यायचे. शिलालेखातली विशेषणे खरी धरायची नाहीत, सेनापती पराक्रमी असतोच. दान दिलेली जमीन आणि दान घेणाऱ्याचे नाव मात्र काळजीपूर्वक वाचायचे. आणि परळीकरांच्या माळ्यावर अजून मोडी चोपड्या असतील, उपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे असतील, आडत दुकानांची रोजकीर्द फडक्यात बांधलेली असेल, तर ती रद्दीत जाण्याआधी कोणाला तरी दाखवावी. पुढच्या आवृत्तीत तिसरे दार अधिक उघडेल ते तेवढ्यानेच.

पहिले प्रकरण परळीत सुरू होत नाही, अंबाजोगाईच्या शिलालेखांपाशी होते. परळीकरांनी यावरून रागावू नये. घाट दुसऱ्या प्रकरणात उतरतो.